बोकेतेला पहिल्यांदा जाताना: पनामाच्या डोंगरगावाची तयारी, पायरीपायरीने

बोकेते हे पनामाच्या पश्चिमेला, चिरिकी प्रांतात, बारू ज्वालामुखीच्या पूर्व उताराला टेकलेलं गाव. उंची साधारण १,२०० मीटर. मधून काल्देरा नदी वाहते आणि भोवतीच्या उतारांवर कॉफीचे मळे आहेत. खाली किनाऱ्याकडे माणसं घामाने चिकचिकत असताना इथे संध्याकाळी अंगावर काहीतरी ओढावंसं वाटतं. अमेरिकेतल्या बऱ्याच निवृत्त मंडळींनी इथे घरं घेतलीत, त्यामुळे इंग्रजी बोलणारं माणूस गावात सहज भेटतं. गावाबाहेर मात्र स्पॅनिशच.

नवखा माणूस इथे हमखास चुकतो तो वेळापत्रकात. आरामात उठून, नाश्ता उरकून अकराला बाहेर पडतो, तोवर डोंगर ढगात गेलेला असतो. मग हॉटेलच्या व्हरांड्यात बसून पाऊस बघायचा आणि ‘हवा खराब मिळाली’ म्हणायचं. हवा खराब नसते, सकाळ वाया गेलेली असते. बोकेतेत फिरायचं ते उजाडल्यापासून दुपारपर्यंत, हे सूत्र धरलं की बाकीची आखणी आपोआप जमते. पण त्याआधी कागदपत्रं, कारण तिथे अडलात तर सकाळ-दुपारचा प्रश्नच उरत नाही.

पहिली पायरी: व्हिसा आणि पिवळी पुस्तिका

भारतीय पासपोर्टवर पनामाला व्हिसा लागतो. तो नवी दिल्लीतल्या पनामाच्या दूतावासामार्फत काढावा लागतो आणि त्याला वेळ जातो. पण तुमच्याकडे अमेरिकेचा किंवा काही मोजक्या देशांचा अनेकवार प्रवेशाचा व्हिसा असेल, तो चालू असेल आणि त्यावर आधी एकदा तरी त्या देशात जाऊन आला असाल, तर वेगळा व्हिसा न काढता पर्यटक म्हणून प्रवेश मिळू शकतो. ‘आधी वापरलेला’ ही अट बारीक अक्षरातली आहे आणि लोक नेमके तिथेच अडकतात. कोरा करकरीत अमेरिकन व्हिसा घेऊन थेट पनामाला निघू नका. व्हिसाची किती मुदत शिल्लक हवी याच्याही अटी आहेत आणि त्या बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या ताज्या सूचना वाचा. परतीचं तिकीट आणि जवळ किमान ५०० डॉलरची सोय असल्याचा पुरावा विचारला जाऊ शकतो. बँकेचं विवरणपत्र छापून ठेवा.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातून जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक वेगळी सूचना. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर नुसत्या आय-७९७ या मंजुरीपत्राच्या जोरावर पनामाहून अमेरिकेत परत येता येणार नाही. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीला जी सवलत मिळते ती पनामाला लागू नाही. नकाशात मेक्सिकोच्या थोडंसं खाली दिसतं म्हणून नियम तोच असेल असं समजू नका.

आता पिवळा ताप. पनामात शिरताना भारतातून थेट आलेल्या माणसाला हा प्रश्न सहसा येत नाही. खरी गंमत परतताना आहे. भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत पनामा आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र, म्हणजेच पिवळी पुस्तिका, नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. बोकेतेच्या थंड हवेत तुम्हाला डास चावला की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही. पासपोर्टवरचा शिक्का बघतात.

म्हणून लस घ्या, आणि वेळेत घ्या. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत, पण रोज कुठल्याही वेळी जाऊन भागत नाही. दिवस आणि वेळ आधी विचारून ठेवावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. पुस्तिकेवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथल्या तिथे ताडून बघा. आईवडिलांना बरोबर नेत असाल आणि ते साठीच्या पुढचे असतील, किंवा कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. ही लस सगळ्यांना सरसकट देत नाहीत.

दुसरी पायरी: महिना ठरवणं

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा हंगाम, मे ते नोव्हेंबर पावसाळा, असं पुस्तकी उत्तर आहे. बोकेतेला ते अर्धंच लागू पडतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडून जोरदार वारे येतात. ते कॅरिबियन बाजूचे ढग डोंगराच्या धारेवरून अलीकडे ढकलतात आणि ढगांचा चुरा दरीत उतरतो. गावातले लोक या पावसाला ‘बाहारेके’ म्हणतात. थेंब इतके बारीक की पडताना दिसत नाहीत, फक्त चष्म्याची काच हळूहळू धुरकट होते आणि बाहीवरच्या लोकरीवर पांढरी लव उभी राहते. दक्षिणेकडून त्याच वेळी ऊन येत असतं, त्यामुळे दरीत इंद्रधनुष्यं उगवत-मावळत राहतात. छत्री इथे निरुपयोगी. वारा ती उलटी करतो आणि पाऊस आडवा येतो. हलकं, डोक्यावर टोपी असलेलं जलरोधक जाकीट आणा.

पावसाळ्यात उलट सकाळ बरेचदा लख्ख असते आणि दुपारी धो धो कोसळतो. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. डोंगरवाटांचा चिखल आणि दरडी बघता मी नवख्याला ते टाळायला सांगेन. मे-जूनला मात्र काही हरकत नाही. गर्दी कमी, दर कमी, डोंगर हिरवेगार.

दोन तारखा बघून ठेवा. जानेवारीत नदीकाठी फुलांची आणि कॉफीची जत्रा भरते, दहाएक दिवस चालते. आणि २८ नोव्हेंबरला, स्पेनपासून स्वातंत्र्य मिळाल्याच्या दिवशी, बोकेतेत शाळांच्या बँडपथकांची मिरवणूक निघते, तिला देशभरातून लोक येतात. ढोल ऐकायचे असतील तर जरूर जा. शांतता हवी असेल तर या दोन्ही वेळा गावाच्या वाटेलाही जाऊ नका. खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर रात्रभर गाणी ऐकू येतात.

पक्ष्यांसाठी येणार असाल तर फेब्रुवारी ते मे. लांबलचक हिरव्या शेपटीचा केत्साल तेव्हा घरटं करतो.

तिसरी पायरी: पोहोचणं

भारतातून थेट विमान नाही. युरोपमार्गे (ॲमस्टरडॅम, पॅरिस, माद्रिद, इस्तंबूल) किंवा अमेरिकेमार्गे पनामा सिटीच्या तोकुमेन विमानतळावर उतरायचं. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकन व्हिसा लागतो. युरोपात ट्रान्झिटचे नियम देशागणिक वेगळे आहेत. स्वस्त तिकीट दिसलं की आधी तो नियम बघा.

पनामा सिटी ते बोकेते हे दोन टप्पे: आधी दाविद, मग वर. दाविद ही चिरिकीची राजधानी, सखल आणि उकाड्याची. तिथपर्यंत विमानाने तासाभरात जाता येतं. बसने सात-आठ तास. बस आल्ब्रुकच्या मोठ्या स्थानकातून सुटते, भाडं वीस डॉलरच्या आसपास, दिवसभर आणि रात्रीही गाड्या आहेत. रात्रीची बस घेणार असाल तर स्वेटर, मोजे आणि कानटोपी हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत टाकू नका. पनामाच्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये एसी असा सोडतात की स्थानिक माणसंसुद्धा घरून गोधड्या घेऊन चढतात. पासपोर्टही खिशात हवा. महामार्गावर पोलीस नाके आहेत आणि कधी कधी पहाटे सगळ्यांना उठवून कागद बघतात.

दाविदच्या स्थानकावर बोकेतेची बस शोधायला कष्ट नाहीत. अर्ध्या-अर्ध्या तासाने किंवा त्याहून लवकर सुटते, ३८ किलोमीटर, पाऊण ते एक तास, दोन डॉलरच्या आत. चढताना ‘बुएनास’ म्हणायचं, म्हणजे नमस्कार झाला. हा शब्द सकाळ-दुपार-रात्र कधीही चालतो, आणि तो न म्हणता दुकानात शिरणं इथे उद्धटपणाचं समजतात. भाडं उतरताना द्यायचं. मध्येच उतरायचं असेल तर मोठ्याने ‘पारादा!’ म्हणायचं. लाजून हळू म्हणालात तर पुढच्या थांब्यावर उतराल.

बोकास देल तोरोच्या बेटांवरून येणाऱ्यांसाठी बोट आणि व्हॅन मिळून एकत्र सोय असते, साधारण चार तासांची. कोस्टा रिकाहून येत असाल तर पासो कानोआसची सीमा दाविदपासून तासाभरावर आहे. घड्याळ एक तास पुढे करायला विसरू नका. पनामा भारताच्या साडेदहा तास मागे आहे. घरी फोन करायचा तर इथली रात्रीची आठची वेळ बरी, तिकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात.

चौथी पायरी: मुक्काम कुठे

गावाचे दोन भाग लक्षात ठेवा. बाहो बोकेते म्हणजे दरीतलं मूळ गाव: चौक, दुकानं, बस, खानावळी, सगळं चालत. आल्तो बोकेते दाविदच्या बाजूला, रस्ता दरीत उतरण्याआधीच्या पठारावर. तिथे ऊन जास्त, वारा जास्त, बाहारेके कमी, पण प्रत्येक कामाला गाडी. याशिवाय हारामियो, पाल्मिरा, व्होल्कान्सितो अशा वाड्या उतारांवर पसरल्या आहेत; फोटोत फार सुंदर दिसतात.

पहिल्या खेपेला, आणि गाडी नसेल तर, बाहो बोकेतेतच राहा, चौकापासून दहा मिनिटांच्या अंतरात. डोंगरावरचं घर घेतलंत तर रात्रीच्या जेवणासाठी धुक्यातून, दिव्याविना, चढाच्या रस्त्यावर टॅक्सीची वाट बघायची तयारी ठेवा. नदीच्या अगदी काठावरची खोली घेताना पावसाळा आहे का बघा. काल्देरा एरवी दगडांमधून खळखळत वाहते, पण नोव्हेंबर २०२० मधल्या एटा वादळात याच भागात पूर आणि दरडींनी मोठं नुकसान केलं.

खोलीत हीटर आहे का, असं विचारू नका, बहुधा नसतो. गरम पाणी आहे का आणि पांघरुणं किती, हे विचारा.

पत्त्यांमध्ये घर क्रमांक शोधत बसू नका. चर्चपासून शंभर मीटर, मग निळ्या फाटकाच्या पुढे, अशाच खुणा मिळतील. त्या व्हॉट्सॲपवर लिहून मागवा आणि टॅक्सीवाल्याला फोन दाखवा. हॉटेल, गाइड, मळे, सगळे व्हॉट्सॲपवरच बोलतात, त्यामुळे विमानतळावर मास मोविल किंवा तिगोचं सिमकार्ड घेऊन टाका.

पैसे, वीज आणि बॅगेतल्या चार गोष्टी

चलनाचं नाव बाल्बोआ, पण नोटा अमेरिकन डॉलरच्याच. दर एकास एक, १९०४ पासून. नाणी मात्र पनामाची स्वतःची आहेत, एक बाल्बोआचं दोन रंगी नाणंही आहे. ही नाणी देशाबाहेर कुठेच चालत नाहीत. पन्नास आणि शंभरच्या नोटा छोट्या दुकानांत घेत नाहीत. घेतल्या तर वहीत तुमचं नाव आणि नोटेचा क्रमांक लिहून घेतात. एक, पाच, दहा, वीसच्या नोटा आणा. टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी ‘क्वांतो एस?’, म्हणजे किती झाले, असं विचारा.

वीज ११० व्होल्ट, दोन चपट्या पिनांची. फोन-लॅपटॉपचे चार्जर नुसत्या अडॅप्टरवर चालतात. घरची इलेक्ट्रिक किटली किंवा छोटा कुकर नेऊ नका: २३० व्होल्टची किटली तिथे पाणी कोमट करण्यातच अर्धा तास घालवते. चहाबाजांनी चहा पावडर आणि मसाला जरूर न्यावा, पाणी तिथल्या भांड्यात उकळावं. कॉफीच्या या गावात चहा म्हणजे कागदी पिशवीतलं फिकट पाणी. चिवडा, चकल्या, खाकरे न्या. ताजी फळं आणि कच्च्या बिया नेऊ नका.

कपडे चटकन वाळणारे हवेत. दमट हवेत जीन्स दोन दिवस ओली राहते. विषुववृत्त जवळ आहे, अक्षांश नऊच्याही आत, त्यामुळे गारव्यातही कातडी भाजते. टोपी आणि क्रीम विसरू नका.

पाचवी पायरी: सकाळ कशी वापरायची

सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी त्याच सुमारास मावळतो. साडेसहाला वाटेवर असाल तर चार-पाच तास स्वच्छ मिळण्याची आशा धरता येते.

पहिल्या सकाळी पाइपलाइन नावाची वाट करा. पाण्याच्या जुन्या नळाच्या कडेने जाते, फारसा चढ नाही, शेवटी धबधबा आहे. तो कोरड्या दिवसांत नुसती ओली भिंत उरतो. दोन तास पुरतात. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हीच. धबधबेच बघायचे असतील तर तीन धबधब्यांची वाट आहे. ती खासगी जमिनीतून जाते, दाराशी पैसे द्यावे लागतात आणि चिखलात घसरायला होतं. दोन्ही वाटांच्या तोंडापर्यंत गावातून सामायिक व्हॅन किंवा टॅक्सी मिळते. परतीच्या व्हॅनची वेळ उतरतानाच चालकाला विचारून ठेवा.

सेन्देरो लोस केत्सालेस ही बारूच्या उत्तर अंगाने सेरो पुंताला जोडणारी वाट. ती सेरो पुंताकडून सुरू करा, कारण ते गाव उंचावर आहे आणि बोकेतेकडे येताना उतार जास्त मिळतो. अडचण अशी की पायी दहाएक किलोमीटरवरच्या त्या टोकाला गाडीने जायचं तर दाविदकडे उतरून ज्वालामुखीला पूर्ण वळसा घालावा लागतो. ने-आण करणारी सेवा आदल्या दिवशी ठरवा. वाट पुरांनी अनेकदा तुटली आहे, तेव्हा निघण्याआधी उद्यानाच्या चौकीत चौकशी हवीच. केत्साल दिसावा असं मनात असेल तर गाइड घ्या. हा पक्षी रानटी अव्होकाडोच्या फळांवर जगतो. कुठलं झाड फळाला आलंय हे गाइडला माहीत असतं, आपण नुसते मान वर करून धुकं बघतो.

एल पियानिस्ता या वाटेबद्दल गंभीरपणे सांगतो. ती डोंगराच्या धारेपर्यंत जाते, तिथून पलीकडे कॅरिबियन उताराचं दाट जंगल सुरू होतं. एप्रिल २०१४ मध्ये या वाटेवर गेलेल्या दोन डच तरुणी परतल्या नाहीत. पुढे त्यांचे अवशेष त्या पलीकडच्या खोऱ्यात सापडले. वाट धारेपर्यंत साधीच वाटते आणि धोका तिथेच आहे, कारण पाऊलवाट पुढेही जाताना दिसते. एकट्याने जाऊ नका, धारेवरून मागे फिरा, आणि कुठे जाताय ते हॉटेलात सांगून निघा.

बारू चढायचा की नाही

बारू ३,४७५ मीटर, पनामातलं सर्वोच्च टोक. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून पॅसिफिक आणि कॅरिबियन दोन्ही दिसतात, म्हणून जो तो जातो. रात्री अकरा-बाराला निघायचं, पहाटे माथा गाठायचा, सूर्योदय बघून उतरायचं. एका बाजूचं अंतर साडेतेरा किलोमीटरच्या आसपास, आणि चढ साधारण १,६५० मीटरचा. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची सगळी उंची १,६४६ मीटर आहे. तेवढं एका रात्रीत चढायचं आणि सकाळी तेवढंच उतरायचं.

वाट चुकण्यासारखी नाही, ती जीपचा रस्ताच आहे. दमवते ती खडी. सुटे, गोटीएवढे दगड, वर जाताना पाय मागे सरकतो आणि उतरताना गुडघे बोलायला लागतात. माथ्यावर पहाटे तापमान शून्याजवळ जातं, वारा वेगळाच. घामाने भिजलेला कपडा बदलायला कोरडा बनियन, हातमोजे, डोक्यावरचा दिवा, तीन लिटर पाणी. वाटेत पाणी मिळत नाही. माथ्यावर मोबाइलचे मनोरे आहेत, तेव्हा निर्जन शिखराचं चित्र मनात असेल तर पुसून टाका.

माझं स्पष्ट मत: सह्याद्रीत नियमित चढणाऱ्याने कोरड्या हंगामात जरूर जावं, बाकीच्यांनी हट्ट करू नये. दोन समुद्र दिसण्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. जीपनेही जाता येतं, पण त्या रस्त्यावर जीपमध्ये बसणं म्हणजे दोन-अडीच तास हाडं खिळखिळी करून घेणं. कंबरदुखीवाल्यांनी तोही विचार सोडावा. आणि बारूच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका.

सहावी पायरी: कॉफीचा मळा

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर मी बारू सोडून कॉफीचा मळा निवडेन. बोकेतेच्या गेशा कॉफीने या डोंगराचं अर्थकारणच बदललं. हे वाण मूळचं इथिओपियातलं. टांझानियामार्गे १९५० च्या दशकात कोस्टा रिकातल्या संशोधन केंद्रात आलं आणि १९६० च्या दशकात पनामात. रोगाला तोंड देतं म्हणून लावलं, पण उत्पन्न कमी, फांद्या ठिसूळ, त्यामुळे कोणी लाड केले नाहीत. २००४ मध्ये हासिएन्दा ला एस्मेराल्दा या मळ्याने आपल्या वरच्या तुकड्यातली गेशा वेगळी काढून पनामाच्या स्पर्धेत पाठवली. ती पहिली आली आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर मिळाले, जे तेव्हा अचाट होतं. २०१९ मध्ये दुसऱ्या एका मळ्याच्या गेशाला पौंडाला १,०२९ डॉलर मिळाले.

मळ्याची फेरी साधारण तीन तासांची, ३०-४० डॉलरच्या आसपास. आधी ठरवावी लागते आणि सकाळचीच घ्यावी. लहान, कुटुंबाने चालवलेला मळा निवडा. तिथे मालक किंवा त्यांच्या घरचंच कोणी फिरवतं. तोडणी साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या दिवसांत गेलात तर पिकलेलं लाल फळ तोडून बोटांत दाबून बघा. साल फाटते आणि दोन दाणे बुळबुळीत उडतात, वरचा चिकट गर चोखला तर गोड लागतो, कॉफीचा मागमूस नाही. तो गर धुऊन काढायचा की दाण्यावरच वाळू द्यायचा, यावर पुढची सगळी चव ठरते. जाळीच्या उंच खाटांवर दाणे पसरलेले असतात आणि कोणीतरी दिवसभर हाताने ते हलवत असतं. बाहारेके आला की धावपळ: प्लास्टिक ओढायचं, ऊन आलं की काढायचं.

तोडणीचं काम बहुतांशी नोबे आदिवासी कुटुंबं करतात, भरलेल्या डब्याच्या मापाने मजुरी घेतात. पायघोळ, रंगीत, त्रिकोणी नक्षीच्या झग्यातल्या बायका गावातही दिसतील. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, मुलांचे तर नाहीच.

शेवटी चव घेणं. चमचाभर कॉफी आवाज करत जोरात ओढायची; आपल्याकडे बशीतला चहा फुर्रकन पिणाऱ्यांना हे पहिल्या फटक्यात जमतं. गेशात दूध-साखर मागू नका. ती फिकट, चहासारखी, मोगऱ्याच्या वासाची असते. कडक दुधाळ कॉफीवर वाढलेल्या माणसाला ‘हीच का ती?’ असं वाटू शकतं आणि तसं वाटण्यात काही गैर नाही. मग त्याच मळ्याची साधी कातुर्रा किंवा कातुआई घ्या, निम्म्याहून कमी पैशात मिळते. घरी न्यायची ती भाजलेलीच. कच्चे दाणे भारतात आणायला वनस्पती-आरोग्याची कागदपत्रं लागतात.

शाकाहाऱ्यांचं काय

उपाशी राहणार नाही, पण बोलावं लागेल. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढंच म्हटलंत तर ताटात कोंबडी किंवा हॅम येईल, कारण इथल्या हिशेबात ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः बीफ. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी, हॅम, मासे, काहीच नको. शेंगदाण्याएवढ्या दाण्यांची उसळ, पोरोतोस, जवळजवळ रोज असते, पण ती डुकराच्या तुकड्याबरोबर शिजवण्याची पद्धत आहे. ‘तिएने पुएर्को?’, म्हणजे यात डुकराचं मांस आहे का, हे विचाराच.

गावातल्या छोट्या खानावळींना फोन्दा म्हणतात. दुपारी बाराला जा, दोननंतर पातेली रिकामी होतात. भात, पोरोतोस किंवा मसूर, कोबीची कोशिंबीर आणि तळलेलं पिकलं केळं, एवढ्यावर पाच-सहा डॉलरमध्ये पोट भरतं. सकाळी ओहाल्द्रे, म्हणजे मैद्याची तळलेली फुगीर पोळी, किंवा मक्याची जाड तोर्तिया पांढऱ्या चीजबरोबर. कच्च्या केळ्याचे काप तळून, चेपून, पुन्हा तळलेले पाताकोनेस कुठेही मिळतात. तिखट म्हणून टेबलावर आही चोंबोची बाटली असते. ती लवंगीपेक्षा नरम समजून ओतू नका. भाज्या ताज्या असतात, कारण सेरो पुंता हे पनामाचं भाजीचं आगर शेजारीच आहे. स्ट्रॉबेरी आणि साय हा इथला ठरलेला गोड पदार्थ. मसाले आणि डाळी लागणार असतील तर पनामा सिटीत घेऊन ठेवा, तिथे सिंधी-गुजराती व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

मांसाहाऱ्यांनी डोंगरातला ट्राउट आणि सानकोचो, म्हणजे कंदमुळं घातलेला कोंबडीचा रस्सा, चुकवू नये. नळाचं पाणी लोक पितात. मोठ्या पावसानंतर ते गढूळ आलं तर बाटली घ्या.

दुपार, आजारपण आणि निघताना

दुपारी पाऊस लागला की खाली उतरा. काल्देरा गावाजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांवर किंवा ग्वालाकाच्या कांखिलोनेसला, जिथे नदीने खडक कापून अरुंद, खोल घळ केली आहे, बहुतेक वेळा ऊनच असतं. वर डोंगरात जोरात कोसळत असेल तर मात्र घळीत उतरू नका, पाणी अचानक चढतं. कुंडांचा शेवटचा रस्ता खराब आहे. जागा साधी, कपडे बदलायला आडोसा मिळेलच असं नाही.

गावात आरोग्य केंद्र आहे, मोठं काही झालं तर दाविदची रुग्णालयं. रुग्णवाहिकेला ९११, पोलिसांना १०४. रोजची औषधं घरूनच पुरेशी आणा, चिठ्ठीसकट.

परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या दिवशीच दाविद किंवा पनामा सिटी गाठा. पावसाळ्यात महामार्गावर एक दरड पुरते. बाल्बोआची नाणी बोकेतेच्या बसभाड्यात आणि शेवटच्या कॉफीत संपवून टाका. आणि पिवळी पुस्तिका पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही: मुंबईत आरोग्य अधिकाऱ्यांचं टेबल सामानाच्या पट्ट्याच्या अलीकडे असतं.